पुलाची चव

काकाजींनी कुणालाही शंभर वर्षांचं आयुष्य दिलं नाही. लग्नकार्यात नवं जोडपं पाया पडायला वाकलं की बाकीचे वडीलधारे ‘शतायुषी व्हा’ म्हणून मोकळे होत. काकाजी जरा थांबत, दोघांना नीट न्याहाळत आणि म्हणत, “सत्तर-पंच्याहत्तर. पण धड.” मुलीकडची माणसं एकमेकांकडे बघू लागत. काकू पदर तोंडाशी धरून मला म्हणत, “यांच्या नादी लागू नका भाऊ. हे आशीर्वादात बी माप मारू देत नाहीत.”

काकाजी माझे घरमालक. महाल भागातल्या त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाडेकरू म्हणून राहत होतो. ते वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी इतवारी बाजारातल्या दुकानांतून खोटी वजनं पकडण्यात गेलेली. कुणी काहीही सांगितलं की ते मनातल्या मनात तराजू उचलत. माणूस बोलतो त्यातून पाव हिस्सा वजा करायचा, हा त्यांचा नियम. कुणी म्हणालं, “माझे वडील नव्वदीचे होऊन गेले,” की काकाजी मान हलवून म्हणत, “म्हंजे सदुसष्ट-अडुसष्ट. वाईट झालं, लवकर गेले.”

खोली बघायला गेलो त्या दिवशी मी म्हणालो होतो, “सहा महिन्यांपुरती हवी आहे.”

“म्हंजे चार-पाच वर्षं,” काकाजी म्हणाले. “मुदत सांगतानी लोक कमी सांगते अन् वय सांगतानी म्हातारे जास्त सांगते. मुदतीले उलटा हिशेब. जा, सामान घेऊन ये.”

मी सात वर्षं राहिलो.

एका मिठाईवाल्याला त्यांनी विचारलं होतं, “संत्रा बर्फीत संत्रं किती?” तो म्हणाला, “काकाजी, भरपूर.” काकाजींनी बर्फीचा तुकडा तोंडात धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, “संत्रं दुकानाच्या बाहेरून गेलं असन. आत नाही आलं.” तेव्हापासून तो त्यांना बघितलं की आत जाऊन बसत असे.

त्यांची जीभ ही अशी होती. आणि या जिभेचा खरा उपयोग, त्यांच्या मते, भिंतींसाठी होता.

त्यांचे वडील पारशिवनीकडचे. शेती थोडी, पण गावाबाहेर चुन्याची भट्टी आणि घाणी. बैल गोल फिरायचा, दगडी चाकाखाली चुना मळला जायचा, आणि लहानपणी काकाजी त्या घाणीच्या काठावर बसून चुना चाखायचे. बाकीची पोरं माती खायची, हे चुना. त्यातून त्यांना जे ज्ञान झालं ते असं: “नवा चुना जिभेले चावते. जुना चुना झोपून राह्यते. जेवढा जुना, तेवढी गाढ झोप.”

रविवारी ते मला बरोबर घेऊन निघत. एखादं जुनं देऊळ, जुनी वेस, पडका बुरूज दिसला की नखानं सांध्यातला चुना खरवडायचा, जिभेच्या टोकावर ठेवायचा, थुंकायचा आणि वय सांगायचं. एकदा एका पहारेकऱ्यानं हटकलं.

“काय करून राहिले बावा?”

“वय पाहून राहिलो हिचं.”

“अन् चाटून काहून?”

“बैल घेतानी दात पाहते का नाही तू?” काकाजी शांतपणे म्हणाले. “हिले दात नाहीत.”

आमच्या गल्लीच्या टोकाला नाल्यावर एक दगडी पूल आहे. तीन कमानी, काळा दगड, मधल्या कमानीवर उगवलेलं पिंपळाचं रोप. साधा पूल. पण त्याच्या वयावरून गल्लीत जेवढी भांडणं झाली तेवढी जागेच्या हद्दीवरूनही झाली नाहीत. पानठेलेवाला म्हणे, गोंड राजांचा. एक म्हातारी सांगे, भुतांनी एका रात्रीत बांधला. काकाजी तिला समजावत, “दीड रात्र लागली असन आजी. भुतं बी वाढवून सांगते.”

सगळ्यात पक्का दावा समोरच्या वकीलसाहेबांचा होता. त्यांचे खापरपणजोबा भोसल्यांच्या पदरी होते आणि पूल त्यांनीच बांधून घेतला, असं ते सांगत. पुरावा म्हणून दिवाणखान्यात त्या पूर्वजांचं मोठं तैलचित्र होतं. पगडी, मिशा, मागे पूल. चित्र दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून करून घेतलेलं, आणि नमुना म्हणून स्वतः वकीलसाहेबच पगडी घालून बसले होते. त्यामुळे खापरपणजोबांच्या नाकावर चष्म्याचे वळ दिसत.

काकाजींचं म्हणणं एका ओळीचं होतं. “पूल इंग्रजाचा हाय.”

भोसल्यांचे कारागीर चुन्यात गूळ घालत, बेलफळाचा गर घालत, उडदाचं पाणी घालत. इंग्रजी राज्यातल्या ओव्हरसियरनं हे सगळं बंद करून चुना आणि विटांची भुकटी एवढ्यावर काम भागवलं. “इंग्रज सोता गोड खात होता, भिंतीले चारत नव्हता,” असं ते म्हणत. पुलाचा चुना त्यांनी तिन्ही कमानींखाली उतरून चाखला होता. गोडाचा अंशही नव्हता.

“काकाजी, तुम्हाला आपल्या गावाचा अभिमान नाही,” वकीलसाहेब म्हणत.

“अभिमान हाय. पण वयात माप मारू नका. तुम्ही पुलाले शंभर वर्षं फुकट चढवून राहिले.”

“फुकट कशी? आमच्या घरात चित्र आहे.”

“चित्रातल्या माणसाले चष्मा लागला होता, तो कोणत्या सालचा?”

यावर वकीलसाहेब घरात निघून जात आणि दार जरा जोरात लागे.

मी त्या वेळी ज्या बांधकाम खात्यात नवा ओव्हरसियर होतो, त्याच खात्याकडे हा पूल होता. एका पावसाळ्यानंतर पहिल्या कमानीचे सांधे सुटले. कागदावर दुरुस्ती सिमेंटची होती. पण काकाजींबरोबर दोन वर्षं भिंती चाखून माझं डोकं फिरलं होतं. जुन्या चुन्याशेजारी सिमेंट भरलं की दगड फुटतो, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की सिमेंटचं पोतं उघडताना मला पाप केल्यासारखं वाटायला लागलं. काकाजी तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे अकोल्याला गेले होते. मी ठरवलं, त्यांनी सांगितलेल्या कृतीनं दुरुस्ती करायची. एक पावसाळा टिकली की त्यांना पुलाखाली घेऊन जायचं आणि सांगायचं.

कृती मला पाठ होती. चुना, विटांची भुकटी, गूळ, बेलाचा गर, उडदाचं पाणी आणि शेवटी चिमूटभर सुंठ. मी गूळ आणि सुंठेची पुडी घेऊन कामावर गेलो तेव्हा आमचा मिस्त्री ते बघत राहिला.

“साहेब, पूल बाळंत झाला का?”

मी हसलो नाही, कारण भीती वाटत होती. मंजूर सिमेंट गोदामात पडून होतं आणि मी पुलाला गूळ-सुंठ चारत होतो. माझी नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. ताजं काम डोळ्यात भरू नये म्हणून आम्ही सांध्यांवर काजळी आणि शेणाचं पाणी फासलं. चार महिन्यांत त्यावर शेवाळ धरलं आणि नवं कुठलं, जुनं कुठलं, हे मलाही नीट सांगता आलं नसतं.

मग रस्ता रुंद करायचा निघाला. पूल पाडून तिथे सिमेंटचे पाईप टाकायचे ठरले. वकीलसाहेबांनी अर्ज केला की पूल भोसल्यांच्या काळातला आहे, त्याला हात लावू नये. वरून एक मोठे साहेब पाहणीला येणार असं कळलं. गल्ली सकाळपासून पुलावर जमली. कधी नव्हे ते सगळ्यांचं एकमत होतं: आज पूल भोसल्यांचाच. पानठेलेवाल्यानंसुद्धा गोंडांवरचा दावा तेवढ्यापुरता सोडला होता. अडचण एकच होती, काकाजी.

काकूंनी त्यांच्या चपला लपवल्या. काकाजी अनवाणी आले.

मोठे साहेब म्हणाले, “हे बघा, भोसलेकालीन असेल तर आम्ही रस्ता वळवू. पण इंग्रजी अमलातले असे पूल पैशाला पासरी आहेत. ते कुठं कुठं जपणार?”

“जुनाच आहे साहेब,” वकीलसाहेब म्हणाले. “आमच्या घरी चित्र आहे.”

“इंग्रजाचा हाय,” मागून आवाज आला.

सगळी गल्ली वळली. कुणीतरी म्हणालं, “काकाजी, आजच्या दिवस चूप राहा ना गा.”

“काहून चूप राहू? पूल मलेबी पायजे. पण इंग्रजाचा हाय म्हणून काहून तोडता? माझा बाप बी इंग्रजाच्या राज्यात जल्मला होता. त्याले काय पाईप टाकून बुजवला का आम्ही?”

साहेबांना हसू आलं, पण त्यांनी विचारलं, “तुम्ही कशावरून सांगता?”

“जिभेवरून.”

इथे वकीलसाहेबांनी आयुष्यातला एकमेव यशस्वी उलटतपास केला. ते म्हणाले, “ठीक आहे. साहेबांच्या समोर चाखा. जागा मी दाखवणार. गूळ लागला तर?”

“गूळ लागला तर शब्द मागे घेतो,” काकाजी म्हणाले. “अन् पुन्हा जल्मात कोणत्या वस्तूचं वय सांगणार नाही.”

वकीलसाहेब धोतर सावरत खाली उतरले. चिखल नको म्हणून काठाजवळच्याच पहिल्या कमानीशी थांबले आणि छातीइतक्या उंचीवर चांगला भरलेला एक सांधा त्यांनी छडीनं दाखवला. तो माझा होता. मिस्त्रीनं तिथं अंगठा दाबून शेवट केला होता, त्याचा खळगा मला वरून दिसत होता.

मला तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य पुरेसं होतं. पण त्या वाक्यानं पूल गेला असता आणि माझी नोकरीही. यातलं मोठं कारण पूल होतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. काकाजींचा नियम लावला तर त्यातून बरंच वजा करावं लागेल.

काकाजींनी नखानं चुना खरवडला. जिभेवर ठेवला. त्यांचा उजवा डोळा बारीक झाला, आणि त्यांनी मान वर करून पुलावरच्या गर्दीत कुणाला तरी शोधलं. मी पानठेल्याच्या आडोशाला सरकलो. नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला. मग ते थुंकले आणि म्हणाले,

“गूळ हाय. शब्द मागे घेतो.”

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. वकीलसाहेबांनी पेढे वाटले. काकाजींनी पेढा घेतला, खाल्ला नाही, आणि अनवाणीच घरी गेले.

पूल वाचला. रस्ता वळला. वकीलसाहेबांनी पुलाला वयाची पाटी बसवली. आणि काकाजींनी शब्द पाळला, तो इतक्या काटेकोरपणे की घरात अडचण व्हायला लागली. शिरगणतीचा माणूस आला आणि त्यानं वय विचारलं, तर म्हणाले, “माझा अंदाज चुकते. माझ्या बायकोले विचारा.” काकू आतून ओरडल्या, “मले माहीत असतं त मी यांच्याशी लग्न केलं असतं का?” लग्नात जोडपी वाकली की ते नुसतं “सुखी राहा” म्हणत. सत्तर-पंच्याहत्तर बंद झालं. रविवारचं फिरणं बंद झालं. कुणी म्हणालं, “माझे वडील नव्वदीचे होऊन गेले,” तर ते म्हणत, “असतील,” आणि हे ऐकणं फार वाईट होतं.

पानठेल्यावर टवाळी चालायची. “काकाजी, पानाले चुना लावू का गूळ लावू?” काकाजी हसून पान घेत. मी तिथं उभा असलो तर माझंही पान कडू व्हायचं. रोज वाटायचं, आज सांगू. मग माझी नोकरी पक्की झाली आणि कळमेश्वरला बदली झाली. तेव्हा मी सामान बांधलं. न सांगता.

पाच-सहा वर्षांनी दिवाळीला भेटायला गेलो. काकाजी थकले होते. काकूंनी चहा आणला. त्या घरचा चहा म्हणजे सुंठेचा काढाच असे. काकाजींना वाताचा त्रास, त्यामुळे काकू प्रत्येक पदार्थात सुंठ घालत. आज सगळं सांगायचं म्हणून मी मनाशी वाक्यांची जुळवाजुळव करत होतो. काकाजींनी कप नाकाशी धरला.

“चुन्यात सुंठ घालत नाहीत गा,” ते म्हणाले.

मी मान वर केली.

“माझ्या बापानं कधी घातली नाही. भोसल्यानं घातली नाही. इंग्रजानं त नाहीच. तुले कृती सांगून राहिलो होतो, तेवढ्यात तुह्या काकूनं चहा आणला, वास आला, अन् मी बोलून गेलो: शेवटी चिमूटभर सुंठ. तू इतक्या भक्तीनं ऐकून राहिला होता, मंग मागे घ्याची लाज वाटली.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “वजनमापाच्या माणसानं जल्मात एकदा माप मारलं, अन् तेच तुह्या ध्यानात राह्यलं. साऱ्या हिंदुस्थानात सुंठ घातलेला पूल एकच असन.”

“तुम्हाला तेव्हाच कळलं?”

“चावला ना मले तो चुना. कोवळा होता, वर्षाच्या आतला. मंग सुंठ लागली. म्हटलं, हे त आपलंच पोरगं.”

“मग बोलला का नाहीत काकाजी?”

“काय बोलू? तुही नोकरी जाती. पूल जाता. अन् मी खोटं काय बोललो? गूळ हाय म्हटलं. होता ना? पूल भोसल्याचा हाय, असं म्हटलं का मी? आठव.”

ते तसं म्हणाले नव्हते.

“पण लोक तुम्हाला हसले.”

“हसले त हसले. अब्रू मोजाचा काटा आमच्या खात्यात कधी आलाच नाही.” मग त्यांनी कप खाली ठेवला. “पण एक काम तुह्यावर. आता सांगू नको, आता सांगशील त पाईप टाकतील. पूल आपल्या हिमतीवर म्हातारा होऊ दे. इंग्रजाचं बी जुनं म्हणू लागले लोक, की मंग सांग. पाटीवरचं जास्तीचं वजन उतरव. मी नसलो त माह्यं नाव घेऊन उतरव.”

मी हो म्हणालो. काकू आतून म्हणाल्या, “मंग लाडू घ्या. यात बी सुंठ हाय.”

त्यानंतर दोन वर्षांनी काकाजी गेले. वर्तमानपत्रातल्या बातमीत वय नव्हतं. वय घालायचं का विचारायला गेलेल्या भाच्याला काकूंनी सांगितलं होतं, “त्यांनी कोणाचं सांगितलं नाही, त आपण त्यांचं काहून सांगावं?”

आणि मी? इंग्रजी अमलातल्या इमारतींना लोक हौसेनं जुन्या म्हणू लागले, त्यांच्यासमोर फोटो काढू लागले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. काकाजींनी घातलेली मुदत केव्हाच भरली. मी बोललो नाही. कारण मधल्या काळात गल्लीनं माझा सत्कार केला होता: ऐतिहासिक पूल सांभाळणारे अभियंते म्हणून, शाल आणि नारळ. वकीलसाहेबांनी बसवलेल्या पाटीवर पूल दोनशे वर्षांचा होता. त्यांच्या मुलानं पाटी रंगवली तेव्हा तो अडीचशेचा झाला. पूल जागच्या जागी होता आणि त्याचं वय माणसांपेक्षा वेगानं वाढत होतं. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता काकाजी असते तर. आणि प्रत्येक वेळी मी शाल कपाटात अजून आत सरकवायचो.

मागच्या आठवड्यात त्या भागातल्या उत्साही मंडळींपैकी दोन तरुण घरी आले. आता काळ्या ग्रॅनाईटची नवी पाटी लागणार, तीनशे वर्षांची, आणि तिचं अनावरण माझ्या हस्ते. मी त्यांना बसवलं, चहा दिला आणि हे सगळं सांगितलं. पूल इंग्रजांच्या काळातला आहे. पहिल्या कमानीतला गूळ माझा आहे. एका खऱ्या माणसाला मी भर गल्लीत खोटं पाडलं.

दोघांनी चहा संपवला. मग एक म्हणाला, “काका, पण पत्रिका छापून झाल्या ना.”

दुसरा जरा विचार करून म्हणाला, “इंग्रजांचा असला तरी आता पाडणार थोडीच आहे कुणी. पण मग पाटीवर लिहायचं काय?”

“लिहा, एका वजनमापे निरीक्षकानं चाखून सांगितल्याप्रमाणे,” मी म्हणालो. “आणि तीनशेच्या जागी काही लिहू नका.”

ते विचारून कळवतो म्हणाले. त्यांनी कळवलं नाही तरी अनावरणाला मी जाणार आहे, आणि पडदा ओढण्याआधी हेच तिथं सांगणार आहे. तिथं माईक बंद पडला तर म्हणून आधी इथं लिहून ठेवतो आहे.

काल सकाळी मी काठी टेकत पुलाखाली उतरलो. मिस्त्रीच्या अंगठ्याचा खळगा अजून आहे. मी नखानं थोडा चुना काढला आणि जिभेवर ठेवला. वरून जाणाऱ्या एका बाईनं स्कूटर थांबवून विचारलं, “आजोबा, तब्येत ठीक आहे ना?” मी हात वर करून ठीक असल्याचं सांगितलं.

चुना आता चावत नाही. गाढ झोपला आहे. गुळाचा पत्ता नाही. सुंठ मात्र अगदी शेवटी, घशाशी, अजून लागते. यातून पाव हिस्सा वजा केला तरी थोडी उरतेच.